टपालाने येणाऱ्या वाघिणी

रेल्वेचे फाटक बंद झाले की वाहने थांबतात, माणसे त्रासतात आणि मुले मात्र खूश होतात. मालगाडी संथपणे जाऊ लागते आणि पोरे वाघिणी मोजू लागतात. ‘वॅगन’ या परक्या शब्दाची मराठीने ‘वाघीण’ करून टाकली, ती किती चपखल! जरा मोठी झालेली मुले मोजण्याबरोबर वाचूही लागतात. एकाच गाडीत एका वाघिणीवर मध्य रेल्वेची अक्षरे, तिच्या मागच्या वाघिणीवर दक्षिण रेल्वेची, त्यामागे पूर्व रेल्वेची. ही कुठून आली, हिच्यात काय भरले असेल, ती आपल्या घरी परत कधी जाणार, असे प्रश्न तिथेच सुरू होतात.

अमेरिकेत या कुतूहलाने अनेक प्रौढ माणसांना जन्मभर धरून ठेवले आहे. घराच्या तळघरात किंवा मोटारीच्या गॅरेजमध्ये लाकडी चौकटी उभारायच्या, त्यांवर डोंगर, नद्या, गावे, स्थानके वसवायची आणि चिमुकल्या रुळांवरून गाड्या चालवायच्या, असा हा छंद आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या सृष्टीची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही. अमेरिकेतील छांदिष्टांपैकी पुष्कळजण खऱ्या रेल्वेची हुबेहूब प्रतिकृती करतात. पण काहीजण आणखी एक पाऊल पुढे टाकतात. ते आपली स्वतःची रेल्वे कंपनीच कल्पनेने स्थापन करतात. तिला नाव देतात, बोधचिन्ह देतात, ती कोणत्या खोऱ्यातून कोळसा आणते आणि कोणत्या बंदराला पोचवते, हे ठरवतात.

अशी रेल्वे उभी राहिली की एक उणीव जाणवू लागते. खरी रेल्वे कधी एकटी नसते. तिच्या गाड्यांत इतर कंपन्यांच्या वाघिणी असतात आणि तिच्या वाघिणी दूरदेशी फिरत असतात. घरातल्या रुळांवर सगळ्याच वाघिणी घरच्या असतील, तर तो रेल्वेमार्ग नव्हे, खेळणे वाटू लागते. या उणिवेतून टपालाने वाघिणींची देवाणघेवाण करण्याची प्रथा निघाली. प्रत्येकाने आपल्या काल्पनिक रेल्वेच्या अनेक वाघिणी तयार करायच्या, इतरांना एकेक द्यायची आणि त्यांची एकेक घ्यायची.

ऐकायला सोपे वाटते. परंतु समजा, वीसजण सहभागी झाले आणि प्रत्येकाने उरलेल्या एकोणीसजणांना परस्पर पार्सले पाठवली, तर 380 पार्सले टपालात पडतील. खर्च वाघिणीच्या किमतीहून जास्त होईल आणि कोणाचे आले, कोणाचे राहिले, याचा मेळ कोणालाच लागणार नाही. म्हणून एकजण संयोजक होतो. बाकीचे एकोणीसजण आपल्या वाघिणी एकाच खोक्यात भरून त्याच्याकडे पाठवतात. तो त्या वाटून एकोणीस खोकी परत रवाना करतो. 380 पार्सलांचे काम 38 पार्सलांत होते. परतीचे टपालशुल्क ज्याने त्याने आधीच भरून द्यायचे, हा पहिला नियम. तो नसेल तर संयोजकाचा छंद त्याच्या घरखर्चावर येतो.

संयोजकाचे खरे काम मात्र खोकी येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. अमेरिकेतील प्रत्येक रेल्वे कंपनीच्या वाघिणीवर दोन ते चार रोमन अक्षरांचे संक्षिप्त चिन्ह आणि क्रमांक असतो. रेल्वे कंपनीऐवजी खासगी मालकाची वाघीण असेल तर त्या चिन्हाच्या शेवटी ‘एक्स’ हे अक्षर येते. ती अक्षरे म्हणजे वाघिणीचे आडनाव. दोघांनी नकळत एकच चिन्ह घेतले असेल तर आधीच पत्रव्यवहार करून तंटा मिटवावा लागतो. कारण वाघिणी रंगवून झाल्यावर कोणीही आडनाव बदलायला राजी नसतो. मग काळ ठरवायचा. एकाची रेल्वे 1950 सालातली आणि दुसऱ्याची 1980 मधली असली तर एकाची वाघीण दुसऱ्याच्या गाडीत विजोड दिसते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चाकांचा. त्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रुळांमधले अंतर बहुतांशी पाच फूट होते आणि उत्तरेकडे चार फूट साडेआठ इंच. सीमेवर माल उतरवून पुन्हा भरावा लागे. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज आणि मोठी ब्रॉडगेज यांची कुर्डुवाडीला भेट होई, पण एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर पाऊल ठेवू शकत नसे. तसाच हा प्रकार. अखेर 1886 साली 31 मे आणि 1 जून या दोन दिवसांत दक्षिणेतील सुमारे साडेअकरा हजार मैल मार्गाचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवण्यात आला. अंतर चार फूट नऊ इंच झाले आणि उत्तरेच्या वाघिणी दक्षिणेत धावू लागल्या. वाघिणी एकमेकींना जोडण्याचीही अशीच कथा आहे. कडी आणि खिळा घालून जोडण्याच्या जुन्या पद्धतीत मध्ये उभ्या राहणाऱ्या कामगारांची बोटे, हात, प्रसंगी प्राणही जात. ईलाय जॅनी याने 1873 मध्ये आपोआप अडकणाऱ्या जोडणीचे पेटंट घेतले. पण सर्व कंपन्यांना तशी स्वयंचलित जोडणी सक्तीची करणारा कायदा व्हायला 1893 साल उजाडावे लागले.

चिमुकल्या रेल्वेलाही या वाटेने जावे लागले. प्रारंभीच्या काळात एका कारखान्याची चाके दुसऱ्याच्या रुळांवरून घसरत. 1935 मध्ये मिलवॉकी शहरात छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्यापुढचे मोठे कार्य हेच होते. चाकांमधले अंतर, चाकाच्या कडेची जाडी, जोडणीची उंची, वाघिणीचे वजन, सगळ्यांची मापे तिने ठरवून दिली. आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या ‘एचओ’ या प्रमाणात खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची प्रतिकृती असते आणि रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर असते. चाळीस फुटी बंद वाघीण या प्रमाणात सुमारे 14 सेंटिमीटर लांब होते आणि संघटनेच्या शिफारशीप्रमाणे तिचे वजन 106 ग्रॅमच्या आसपास असावे लागते. फार हलकी वाघीण लांब गाडीत वळणावर आतल्या बाजूला कलंडते, म्हणून तिच्या पोटात लोखंडी पट्टी चिकटवून वजन भरतात. बाहेरून ती पट्टी कोणालाच दिसत नाही.

देवाणघेवाणीच्या नियमावलीत म्हणूनच रंगरूपाविषयी फारसे काही नसते आणि चाकांविषयी पुष्कळ असते. वाघिणीच्या अंगावर कोणी हत्तीचे बोधचिन्ह काढो की सूर्यफुलाचे, संयोजक विचारत नाही. चाकांचे अंतर आणि जोडणीची उंची तो धातूच्या मापपट्ट्यांवर तपासतो, आणि नापास झालेली वाघीण बाजूला ठेवतो. हे कठोर वाटेल. पण सदोष वाघीण ज्याच्या घरी जाईल त्याच्याकडे ती एक-दोनदा घसरेल आणि मग कायमची फळीवर बसेल. पाठवणाऱ्याने महिनोन्महिने खपून जे केले ते धावणार नाही, शोभेचे होईल. ती परत पाठवून दुरुस्त करून घेणे हाच पाठवणाऱ्याचा खरा मान आहे.

आता एका घरातली तयारी पाहू. एकोणीस पाठवायच्या आणि एक स्वतःसाठी, अशा वीस वाघिणी. म्हणजे आस आणि दोन चाके मिळून होणाऱ्या 80 जोड्या आणि 40 जोडण्या. अथर्न या कंपनीची निळ्या खोक्यातून येणारी स्वस्त, सुटसुटीत किटे पूर्वी या कामी फार वापरात होती. एक वाघीण जुळवायला मौज वाटते, पाचवीला हात बसतो, बाराव्या वाघिणीपाशी कंटाळा येतो. नेमकी तिथेच घरातली मंडळी मदतीला बसतात आणि जेवणाच्या टेबलाचा काही आठवडे कारखाना होतो. रंग वाळला की अक्षरे चढवायची. ती एका पातळ थरावर छापलेली असतात. कोमट पाण्यात कागद भिजवला की तो थर सुटतो आणि कुंचल्याच्या टोकाने वाघिणीवर सरकवून बसवावा लागतो. त्याआधी चकचकीत वॉर्निश हवे, नाहीतर थराखाली हवेचे बुडबुडे राहून चंदेरी डाग दिसतात. नंतर त्यावर निस्तेज वॉर्निश हवे, नाहीतर कडा चमकतात. शिवाय घरगुती छपाईयंत्रात पांढरी शाई नसते आणि तांबड्या-तपकिरी वाघिणीवर अक्षरे तर पांढरीच शोभतात. त्यामुळे अक्षरे बाहेरून छापून आणावी लागतात आणि अनेकांचे वेळापत्रक इथेच कोलमडते.

वेळापत्रक कोलमडणे हा या उपक्रमातला सर्वांत अवघड भाग आहे. बोलावणे येते तेव्हा उत्साह असतो, ‘वीस काय, चाळीस करीन’ असे लोक लिहितात. पुढे नोकरी बदलते, घरात आजारपण येते, नातवंड जन्मते. एकजण जरी मध्येच गळला तरी एकोणीस खोक्यांत एकेक जागा रिकामी राहते आणि त्याच्यासाठी एकोणीसजणांनी बनवलेल्या वाघिणींचे काय करायचे, हा प्रश्न संयोजकाच्या टेबलावर उभा राहतो. सर्वांना थांबवून ठेवावे, की आलेल्यांचे वाटप करावे? थांबवले तर वेळेवर काम केलेल्यांवर अन्याय. न थांबवावे तर एखादा खऱ्या अडचणीतला माणूस बाहेर पडतो. जाणते संयोजक प्रारंभीच सांगून ठेवतात की अमुक दिवशी जे माझ्या हाती असेल त्याचेच वाटप होईल. ज्याच्या वाघिणी नंतर येतील त्याला त्याचा वाटा तेव्हा मिळेल. कागदावर सही नसते, दंड नसतो. ज्यांची भेटही झालेली नाही अशा माणसांचा शब्द एवढेच तारण असते. हा त्रास सोसून तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा संयोजक होतो, याचे नवल त्याच्या घरच्यांनाही वाटत असेल.

वाटपात आणखी एक गोष्ट घडते, ती न्यायाची म्हणावी की अन्यायाची, हे ठरवणे कठीण आहे. तीस वर्षे हात बसलेल्या कारागिराची वाघीण आणि पहिल्यांदाच कुंचला धरलेल्या नवशिक्याची वाघीण, दोन्हींची किंमत एकच: एकीला एक. तक्रार करणारेही निघतात. पण जुन्या कारागिराच्या हातात नवशिक्याची वाघीण येते तेव्हा तिच्याबरोबर चार ओळींचे सल्ल्याचे पत्रही परत जाऊ शकते. आणि नवशिक्याला कारागिराची वाघीण जवळून पाहता येते, उलटी करून तिची खालची बाजूदेखील. दुकानातून आणलेल्या वस्तूत हे शिक्षण नसते.

खोके बांधणे हीसुद्धा एक विद्या आहे. ताजा रंग आणि बुडबुड्यांचे प्लास्टिक यांची गाठ पडली की प्रत्येक बुडबुड्याचा वण वाघिणीवर उमटतो. म्हणून आधी मऊ कागद, मग फोम, मग खोके. एकोणीस वाघिणींचे वजन दोन किलोच्या आसपास भरते. अमेरिकी टपालखात्याची ठरावीक दराची खोकी इथे उपयोगी पडतात, कारण त्यांत भरलेल्या मालाचे वजन सत्तर पौंडांपर्यंत कितीही असले तरी दर तोच. सहभागी कॅनडातला असेल तर सीमाशुल्काचा कागद भरणे आले, आणि त्यावर ‘काल्पनिक रेल्वेची वाघीण’ हे वर्णन कसे लिहावे, हा पेच ज्याचा त्याने सोडवायचा!

पाहुणी वाघीण घरी पोचली की तिच्या नावाचे एक कार्ड तयार होते. कार्डाला खिसा असतो आणि त्यात मालाची चिठ्ठी खोचलेली असते: अमुक गावाहून निघाली, तमुक कारखान्याला यंत्रसामग्री घेऊन चालली. गाडी चालवणारा त्या चिठ्ठीप्रमाणे तिला त्या त्या फलाटाला लावतो. पाठवणाऱ्याने आपल्या काल्पनिक गावाचे नाव कळवले असेल तर तेच तिथे लिहिले जाते. ओहायोतील डेटन शहरात ॲलन मॅक्लेलंड यांनी ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ ही काल्पनिक रेल्वे उभारली, तेव्हा आपल्या खोलीतले रूळ हा एका मोठ्या जाळ्याचा लहानसा तुकडा आहे, भिंतीपलीकडेही देश आहे, असा विचार त्यांनी मांडला. टोनी कोस्टर यांची ‘ॲलेगेनी मिडलँड’ आणि स्टीव्ह किंग यांची ‘व्हर्जिनिया मिडलँड’ याच कल्पनेतील शेजारणी मानल्या गेल्या. तीन वेगळ्या घरांतल्या तीन रेल्वे एकाच डोंगररांगेत नांदत होत्या.

अशा रेल्वेचे आयुष्य मात्र थोडे असते. ती तळघराच्या भिंतींना जखडलेली असल्याने घर सोडताना सोबत नेता येत नाही. कोस्टर यांनीच पुढे आपली ‘ॲलेगेनी मिडलँड’ उतरवून तिच्या जागी 1954 सालची ‘निकेल प्लेट’ रेल्वे उभी केली. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन यांची जगप्रसिद्ध ‘गोरी अँड डिफीटेड’ होती. नावातच त्यांनी विनोद केला होता: ऐकताना ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’. जानेवारी 1973 मध्ये त्यांचे हृदयविकाराने निधन झाले आणि अवघ्या दहा दिवसांनी आगीत ती रेल्वेही बहुतांश भस्मसात झाली.

देवाणघेवाणीत दिलेली वाघीण त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असते. तिच्या मालकाचे तळघर रिकामे होते, रूळ उपटले जातात, इंजिने विकली जातात. आणि शेकडो मैलांवर कुणीतरी संध्याकाळी कार्डांचा गठ्ठा काढतो, त्या वाघिणीच्या खिशात नवी चिठ्ठी घालतो. निघण्याचे ठिकाण म्हणून तो मित्राच्या काल्पनिक गावाचेच नाव लिहितो, आणि वाघीण रात्रीच्या मालगाडीला जोडली जाते.