भुलीची निवड आणि मूत्राशयाचा कर्करोग

पेडणे ते बांबोळी

लघवीतून रक्त जाते, पण दुखत काहीच नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाची सुरुवात बहुधा अशी होते. दुखत नसल्यामुळे रुग्ण थांबतो आणि चार दिवसांनी लघवी स्वच्छ झाली की ते रक्त विसरतोही. गोव्यातील पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील अशा रुग्णाची वाट पुढे ठरलेली असते : जवळचे आरोग्य केंद्र, म्हापशाचे जिल्हा रुग्णालय (जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘आझिलो’) आणि तेथून बांबोळी. सीमेपलीकडच्या सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्गकडेही ‘बांबोळीला नेले’ एवढे म्हटले की गोवा वैद्यकीय महाविद्यालय अभिप्रेत असते. या संस्थेचे मूळ १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय विद्यालयात आहे. बोस्टन येथील ईथरच्या भुलीचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक १८४६ चे. म्हणजे गोव्यातील हे विद्यालय त्या प्रात्यक्षिकाहून चार वर्षांनी जुने आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास येतो : पूर्ण भूल देणार की कमरेत सुई? त्यामागे बहुतेक वेळा सुईची किंवा बेशुद्धीची भीती असते. मात्र या निवडीचा संबंध त्या दिवसापुरता नाही. कर्करोग पुन्हा उद्भवण्याशीही तो काही प्रमाणात जोडला गेला आहे.

आजाराचे स्वरूप

निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत गाठ मूत्राशयाच्या आतल्या थरांपुरती असते, स्नायूपर्यंत पोहोचलेली नसते. अशी गाठ पोट न उघडता, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विद्युत्प्रवाहाच्या तारेने खरवडून काढतात. या शस्त्रक्रियेतून उपचार आणि निदान दोन्ही साधते. काढलेल्या तुकड्यांत मूत्राशयाचा स्नायू आला असेल तरच गाठ किती खोल गेली आहे हे विकृतिशास्त्रज्ञाला खात्रीने सांगता येते. हा आजार परत येण्याबद्दल कुख्यात आहे. त्यामुळे पहिली गाठ किती पूर्ण आणि किती स्वच्छ निघाली, यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

भुलीचे दोन मार्ग

कमरेच्या भुलीत पाठीच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात बधिर करणारे औषध सोडतात. जर्मनीत आउगुस्ट बीअर यांनी १८९८ साली ही पद्धत शस्त्रक्रियेसाठी वापरली. मूत्राशयाच्या कामासाठी बधिरता साधारण बेंबीच्या पातळीपर्यंत चढावी लागते. रुग्ण जागा असतो आणि श्वास स्वतः घेतो. पूर्ण भुलीत शिरेतून किंवा श्वासावाटे औषध देऊन रुग्णाला बेशुद्ध करतात, आणि गरजेनुसार स्नायू शिथिल करून श्वास यंत्राकडे सोपवतात. कमरेच्या सुईने पाठ कायमची दुखू लागते ही समजूत गावोगाव आढळते, पण तिला भक्कम आधार नाही. या पद्धतीचे खरे दोष वेगळे आहेत : रक्तदाब एकदम उतरणे, काही रुग्णांना काही दिवस राहणारी डोकेदुखी, आणि लघवी तुंबणे. शस्त्रक्रियेनंतर लघवीची नळी असतेच, त्यामुळे यांतील शेवटचा दोष येथे फारसा जाणवत नाही.

मांडीचा झटका

भुलीचा कर्करोगाशी असलेला सर्वांत स्पष्ट दुवा रक्तात किंवा पेशींत नसून मांडीच्या एका मज्जातंतूत आहे. मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंना आज्ञा देणारा हा तंतू ओटीपोटात मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीला जवळजवळ चिकटून जातो. मूत्राशय पाण्याने फुगवला की अंतर आणखी कमी होते. गाठ नेमकी बाजूच्या भिंतीवर असेल, तर खरवडणाऱ्या तारेतला विद्युत्प्रवाह त्या तंतूला डिवचतो आणि मांडी क्षणात जोराने आत खेचली जाते. दुर्बिणीच्या टोकाशी तापलेली तार असते आणि मूत्राशयाची भिंत काही मिलिमीटर जाडीची. त्या एका झटक्याने तिला आरपार छिद्र पडू शकते.

कमरेखालचे सगळे बधिर असताना पाय हलतो कसा? कमरेची भूल तंतूच्या मुळाशी, मज्जारज्जूजवळ काम करते. मेंदूकडे जाणारी वेदना आणि मेंदूकडून येणारी आज्ञा तेथे अडते. पण विद्युत्प्रवाह तंतूला त्या अडथळ्याच्या पुढे, स्नायूच्या बाजूला गाठतो, आणि तेथून स्नायूपर्यंतची वाट मोकळीच असते. शहराबाहेरचा मुख्य पुरवठा तोडला, तरी गल्लीतल्या जनित्राने दिवा लागतो, तसेच हे. पूर्ण भुलीत शिथिलीकारक औषध स्नायू आणि तंतू यांच्या सांध्यावरच काम करते. पुरेसे दिले असेल, तर तंतू डिवचला गेला तरी स्नायू हलत नाही. कमरेची भूल ठेवूनही हा धोका कमी करता येतो : मांडीच्या वरच्या भागात सोनोग्राफीच्या मदतीने तोच तंतू वेगळा बधिर करतात. द्विध्रुवी विद्युत्प्रवाहाने झटके घटू शकतात, पण त्यांची शक्यता पूर्ण संपत नाही.

झटक्यानंतरची साखळी

छिद्र पडले की पहिला परिणाम त्याच टेबलावर दिसतो : शस्त्रक्रिया आवरती घ्यावी लागते आणि गाठ अर्धवट राहू शकते. दुसरा परिणाम त्याच दिवशीचा. गाठ काढल्यावर २४ तासांच्या आत मूत्राशयात मायटोमायसिनसारख्या औषधाची एक मात्रा सोडली, तर योग्य निवडलेल्या रुग्णांत पुनरुद्भव कमी होतो, कारण सुट्या तरंगणाऱ्या पेशी रुजण्याआधी मरतात. छिद्र असल्यास ही मात्रा देता येत नाही, औषध बाहेर झिरपून इजा करते. तिसरा धोका दुर्मीळ आहे : त्याच छिद्रातून कर्कपेशी मूत्राशयाबाहेर पोहोचणे. भूलतज्ज्ञाला गाठीची जागा आधी सांगणे हे कर्करोगाच्या उपचाराचेच एक पाऊल ठरते ते या साखळीमुळे. या विषयावरच्या चर्चेत पेशी आणि प्रतिकारशक्ती यांना जितकी जागा मिळते, तितकी या साध्या यांत्रिक गोष्टीला मिळत नाही. खरे तर ती आधी मिळायला हवी.

जाग्या रुग्णाचा एक फायदा येथे नोंदवावा लागतो. छिद्र पडल्यास तो पोटात किंवा खांद्यात दुखल्याचे सांगतो. धुण्याचे पाणी रक्तात शोषले जाऊन सोडियम उतरू लागल्यास त्याच्या बोलण्यातला गोंधळ लगेच ध्यानात येतो. बेशुद्ध रुग्णात या खुणा झाकल्या जातात.

प्रतिकारशक्तीचा तर्क

दुसरा दुवा जैविक आहे. शस्त्रक्रियेचा ताण शरीरात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढवतो. अफूवर्गीय वेदनाशामकांसह हे घटक नैसर्गिक मारक पेशींचे काम मंदावतात, आणि सुट्या कर्कपेशी टिपण्याचे काम याच पेशींचे. कमरेची भूल ताणाचा संदेश मुळाशी तोडते आणि अफूवर्गीय औषधांची गरज घटवते, म्हणून तिने पुनरुद्भव कमी व्हावा, असा हा तर्क. श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या वायूंपेक्षा शिरेतून दिलेले प्रोपोफॉल बरे, असेही प्रयोगशाळेतील काही निरीक्षणांवरून सुचवले गेले. तर्क सुसंगत आहे, पण तेवढ्याने तो सिद्ध होत नाही.

पुरावा

कॅनडातील किंग्स्टन येथे २३१ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमरेची भूल दिलेल्या गटात पुनरुद्भव कमी आढळला. कोरियातूनही त्या सुमारास तशीच निरीक्षणे आली. अशा अभ्यासांची मर्यादा त्यांच्या रचनेतच असते. भूल चिठ्ठी टाकून ठरलेली नसते. ती रुग्णाची फुप्फुसे, हृदय, गाठीचा आकार आणि जागा पाहून ठरते, आणि यांतल्या काही गोष्टी स्वतःच पुनरुद्भवावर परिणाम करतात. बाजूच्या भिंतीवरच्या मोठ्या गाठींना पूर्ण भूल अधिक दिली गेली असेल, तर त्या गटाचे निकाल वाईट दिसणारच. त्याचा दोष भुलीवर टाकता येत नाही.

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या मोठ्या चाचण्या अन्य कर्करोगांत झाल्या. स्तनाच्या कर्करोगावर २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत दोन हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. प्रादेशिक बधिरता आणि प्रोपोफॉल एकीकडे, वायू आणि अफूवर्गीय औषधे दुसरीकडे. पुनरुद्भव दोन्हीकडे सुमारे १० टक्के. पण कथा येथे संपत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातील ११ केंद्रांत केलेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. सर्व स्त्रियांना पूर्ण भूलच होती. फरक इतकाच की एका गटात गाठ कापण्याआधी तिच्याभोवती लिडोकेन हे बधिर करणारे औषध टोचले. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण लिडोकेनच्या गटात ९०.१ टक्के, दुसऱ्यात ८६.४ टक्के. म्हणजे बधिर करणारे औषध गाठीच्या शेजारी प्रत्यक्ष पोहोचणे आणि पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतू अडवणे, या दोन वेगळ्या घटना असू शकतात. स्तनाचा निष्कर्ष मूत्राशयाला जसाच्या तसा लावता येणार नाही, परंतु प्रश्न कोणत्या दिशेने विचारावा हे तो दाखवतो.

मूत्राशय काढताना

गाठ स्नायूत शिरली की बहुतेकदा पूर्ण मूत्राशय काढून आतड्याच्या तुकड्यातून लघवीसाठी नवी वाट करतात. काही तासांच्या या शस्त्रक्रियेला पूर्ण भूल लागतेच; निवड असते ती वेदनाशमनाची. मणक्याजवळ बारीक नळी ठेवून बधिर करणारे औषध देत राहिल्यास अफूवर्गीय औषधे कमी लागतात आणि आतड्याची हालचाल लवकर सुरू होऊ शकते. उलट बाजूला, रक्तदाब उतरतो, आणि पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या हेपरिनच्या वेळा नळीशी जुळवाव्या लागतात, नाहीतर मणक्यात रक्त साचू शकते. कर्करोगाच्या निकालावर या नळीचा लाभ सिद्ध झालेला नाही.

प्रकृतीचा कौल

या आजाराचे सर्वांत मोठे ज्ञात कारण तंबाखूचा धूर. म्हणून रुग्ण बहुधा उतारवयाचा, आणि त्याची फुप्फुसे व हृदयही त्याच धुराने थकलेली. जुनाट दमा असलेल्याला श्वासनळीत नळी नको म्हणून कमरेची भूल सोयीची. पण त्याच रुग्णाच्या हृदयात स्टेंट असेल आणि रक्त गोठू न देणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू असेल, तर कमरेच्या सुईआधी ती गोळी साधारण पाच ते सात दिवस थांबवावी लागते. थांबवणे सुरक्षित आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतो. घरी कोणी सांगितले म्हणून गोळी सोडणे धोक्याचे.

भुलीचा कागद

या आजारात रुग्ण टेबलावर एकदाच येत नाही. जोखीम जास्त असल्यास दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा खरवडतात. दुर्बिणीची पहिली तपासणी तिसऱ्या महिन्यात, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे. प्रत्येक वेळी भुलीचा वेगळा कागद तयार होतो : कोणते औषध, किती मात्रा, रक्तदाब कितपत उतरला, मांडीला झटका आला का. डिचोलीहून तीसेक किलोमीटर कदंब बसने येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत रिपोर्ट, सोनोग्राफीची फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या सगळे जपलेले असते; हा एक कागद मात्र बहुतेक वेळा नसतो. पुढच्या भूलतज्ज्ञाला सर्वांत आधी तोच हवा असतो.