नांदगाव पेठेत कर कोण भरतं?

सकाळी ८

नोव्हेंबर महिना, कापूस वेचणीचे दिवस. नांदगाव पेठेच्या पेट्रोल पंपावर सकाळी ऑटोंची रांग असते. आत बाया दाटीवाटीनं बसलेल्या, मांडीवर डब्याची पिशवी. शेजारी एमआयडीसीतल्या कापड कारखान्यांकडे निघालेली पोरं मोटारसायकलवर. मीही स्कूटरमध्ये पेट्रोल टाकते आणि सेवा केंद्र उघडायला निघते.

पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट आहे: पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के. पंपावर उत्पन्न कुणी विचारत नाही. मोठ्या गाडीवाला आणि ऑटोवाला एकाच दरानं कर देतात. ऑटोचं भाडं शेतकरी देतो, पण मजुरी ठरवताना ते धरूनच ठरवतो. म्हणजे त्या कराचा एक वाटा बायांच्या मजुरीतून जातो.

सकाळी ९:३०

केंद्राचं शटर वर केलं की पहिली रांग पैसे काढणाऱ्यांची. आज सर्वांत पुढे एक मावशी. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये तिच्या खात्यात येतात. ते अंगठा लावून काढायचे आहेत. यंत्र अंगठा घेत नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, कातडी सोलते. आठ दिवस पऱ्हाटीत हात घातला की रेषा पुसट होतात. बोट ओल्या फडक्यानं पुसून, थोडं चोळून, पुन्हा ठेवते. तिसऱ्या बोटाला यंत्र हो म्हणतं.

पावतीची वाट पाहताना बाजूच्या भिंतीवरचा करवसुलीचा कागद मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "कर? आमी काहाले भरतो पोरी कर? आमाले तं सरकारच देते."

या योजनेत बसायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्याशा कमाईचा माणूस कर भरत नाही, असं तिलाही वाटतं आणि रांगेतल्या बाकीच्यांनाही. ते खरं नाही.

सकाळी ११

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. एक निवृत्त प्राध्यापक सर दरवर्षी येतात. चेहरा मोबाइलसमोर धरला, डोळे मिचकावले, काम झालं.

सरांचं निवृत्तिवेतन चांगलं आहे, मुदतठेवींचं व्याज आहे, संत्र्याची बाग आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे आयकर शून्यावर येतो आणि निवृत्तिवेतनधारकाला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही मिळते. हा कर केंद्राचा. राज्याचा व्यवसाय कर निवृत्तिवेतनातून कापला जात नाही. पासष्टीनंतर तर तो कुणालाच नाही.

अमरावतीतलं घर त्यांना मुलाच्या नावे करायचं आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्रानं दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा. दोन एकरवाल्या बापाला ही सवलत हवीच. पण दोन एकर कोरडवाहू आणि साठ लाखांचं घर यांना एकच २०० रुपये का, याचं उत्तर मला सापडत नाही. वारसाहक्कावरचा इस्टेट ड्यूटी हा कर देशात १९८५ मध्येच रद्द झाला आणि संपत्ती कर २०१६ पासून नाही.

सर सरळ माणूस आहेत, एक रुपया लपवत नाहीत. तेच म्हणाले, "फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहिला तेव्हाच मांडलं होतं, सरकारी पगार-पेन्शनीचा भार शेतकऱ्याच्या डोक्यावर कसा येते ते." त्यांचा मुलगा टेक्सासात आहे. तिथे राज्याचा आयकर नाही. राज्याची मुख्य भिस्त विक्रीकरावर आणि गावं-शाळा चालतात घरपट्टीवर. तिथलेही गरीब दुकानाच्या काउंटरवरच कर भरतात.

दुपारी १

समोरच्या किराणा दुकानात मावशी उभी होती. १,५०० पैकी काही तिथेच मोडले. साखर, चहा, तेल: प्रत्येकावर ५ टक्के जीएसटी. अंगाचा साबण २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलं झालं. कपड्याच्या पावडरीवर मात्र १८ टक्केच. मग १९९ रुपयांचं मोबाइल रिचार्ज. त्यात साधारण ३० रुपये कर, आणि जीएसटीचा निम्मा वाटा राज्याचा. रेशनचं धान्य मोफत आहे आणि सुट्या ज्वारीवर कर नाही, एवढाच दिलासा.

हातात येईल तो पैसा ती महिन्याच्या आत खर्चून टाकते, तिला दुसरा मार्गच नाही. म्हणून तिचा जवळजवळ प्रत्येक रुपया कराच्या दारातून जातो. सर निम्म्याहून जास्त पैसा ठेवीत टाकतात. त्या पैशाला दुकानाचा कर लागत नाही. त्याच सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. त्याचा फायदा विमा काढू शकणाऱ्याला.

दुपारी ३

कारखान्यातला एक मुलगा पगारपत्रक घेऊन आला. पगार १४,००० रुपये. "ताई, हे दोनशे रुपये कायचे कापले?"

हा व्यवसाय कर. दरमहा दहा हजारांवर पगार असेल तर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे. १९७५ मध्ये हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेत विचार स्वच्छ होता: शहरातल्या पगारदारानं थोडं द्यावं आणि दुष्काळातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं. असा विचार महाराष्ट्रानं केला, याचा मला अभिमान आहे.

पण राज्यघटनेनं या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे आणि ती १९८८ पासून हललेली नाही. या मुलाच्या वार्षिक पगारात २,५०० म्हणजे जवळपास दीड टक्का. महिना दोन लाख घेणाऱ्यालाही २,५००च. त्याच्यासाठी ते शेकडा दहा पैसे. ज्या करातून मजुराला आधार द्यायचा, त्याचा भार आता लहान पगारावर जास्त पडतो.

संध्याकाळी ५

वीजबिल भरणाऱ्यांची वेळ. घरगुती बिलात १६ टक्के वीज शुल्क राज्याचं. मावशीच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा, तरी ही ओळ तिच्या बिलात आहे. सरांच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. त्यांना ३ किलोवॅटसाठी केंद्राचं ७८,००० रुपयांचं अनुदान मिळालं, बिल नावालाच येतं. पॅनेल बसवायला स्वतःचं पक्कं छत आणि हातात आगाऊ पैसा लागतो. मावशीच्या घरावर टिन आहे.

संध्याकाळी ७

हिशेब जुळवला, शटर ओढलं. दिवसभर पाहिलेल्या कागदांवरून माझं मत पक्कं आहे. रुपयांत मोजलं तर सर जास्त कर देतात. कमाईच्या शेकड्यात मोजलं तर राज्याचा कर मावशीला आणि त्या कारखान्यातल्या मुलाला जड जातो.

यावर उपाय आहेत. सर्वांत कमी युनिट वापरणाऱ्या घरांचं वीज शुल्क राज्य सरकार माफ करू शकतं. २०० रुपयांच्या बक्षीसपत्राला किमतीची मर्यादा घालून वरच्या मालमत्तेवर टक्केवारी लावता येते. व्यवसाय कराची मर्यादा वाढवायला घटनादुरुस्ती लागेल. ती मागणी आपल्या खासदारांनी दिल्लीत करावी आणि वाढीचा भार मोठ्या पगारांवरच ठेवावा. मार्चमध्ये राज्याचं अंदाजपत्रक येतं. त्याआधी आपल्या आमदाराला हे तीन प्रश्न विचारा. आणि निराधाराच्या रांगेतल्या बाईला फुकट खाणारी म्हणू नका. ती रोज कर भरते.