रद्दीत जाणारा इतिहास वाचवा!

घरातला जुना कार्यकर्ता जातो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. आठ-पंधरा दिवसांनी घर आवरायला काढतात आणि खाटेखालची पत्र्याची पेटी उघडतात. आत सभांची हँडबिले, वर्गणीच्या पावत्या आणि पिवळे पडलेले वर्तमानपत्रांचे अंक. 'बापाने काय कचरा जमवून ठेवला होता,' असे म्हणत पोरगा सगळी पेटी रद्दीवाल्याच्या तराजूत रिकामी करतो. चाळीस वर्षांची चळवळ किलोच्या भावाने जाते! हे आम्ही ऐकीव सांगत नाही, आमच्या वस्तीत घडलेले सांगतो. आम्ही धावत गेलो तेव्हा हातगाडी निघून गेली होती.

ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दप्तरे आहेत, त्यांना जुन्या कागदाची किंमत सांगावी लागत नाही. आपल्याला ती समजून घ्यावी लागेल. कारण आपल्या लढ्याच्या बातम्या इतरांनी एक तर छापल्या नाहीत, किंवा त्यांच्या सोयीने छापल्या. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. मग आपली बाजू कोणी नोंदवायची?

ती आपल्याच पत्रांनी नोंदवली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले आणि त्याच दिवशी आपल्या माणसांवर हल्ले झाले. अवघ्या १४ दिवसांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक बाहेर पडला. महाडचा लढा खुद्द बाबासाहेबांच्या लेखणीतून आज वाचायला मिळतो, तो या पत्रामुळे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी जे भाषण केले, ते 'प्रबुद्ध भारत'च्या २७ ऑक्टोबरच्या अंकात छापून आले. पुढे दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. तो अंक कोणी जपलाच नसता तर?

शासनाच्या समितीने १९९० साली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' पुन्हा छापून प्रसिद्ध केले. वसंत मून यांच्यासारख्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. पण छापायला आधी मूळ अंक हाती असावा लागतो. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. त्याचा एक तरी मूळ अंक आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला आहे?

हे फार जुने झाले असे वाटत असेल, तर अलीकडचे घ्या. १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार घ्या. ११ जुलै १९९७ चा घाटकोपरच्या रमाबाई नगरातील गोळीबार घ्या. खैरलांजीचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ चे. सुरुवातीला चार ओळींत उरकलेली ती बातमी लोक रस्त्यावर उतरल्यावर पहिल्या पानावर आली. हा फरक सिद्ध करायचा तर दोन्ही वेळचे अंक समोर हवेत. म्हणून फक्त आपलीच पत्रे जपून भागणार नाही. ज्यांनी बातमी दाबली, वाकडी छापली, त्यांचेही अंक जपा. तोही पुरावाच आहे.

जपायचे कसे? वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा असतो. हवा आणि उजेड लागून तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. म्हणून अंक घडी न घालता, सपाट आणि कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवावा. फाटला तरी चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कात्रण कापण्याऐवजी पूर्ण पान ठेवावे. कापलेच तर पत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावा. तारीख नसलेल्या कात्रणाला साक्षीत किंमत नाही. आज तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. पानाचा नीट फोटो काढून दोन-तीन ठिकाणी साठवायला पैसा लागत नाही. पण फोटो काढला म्हणून मूळ अंक टाकून देऊ नका.

बांधवांनो, प्रत्येक विहारात जुन्या अंकांसाठी एक कपाट ठेवा. पोरांना घेऊन घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे जा, त्यांच्या पेट्या त्यांच्यासमोर उघडा आणि कोणता अंक कशाचा हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. यंदा १४ एप्रिलला बँडवर खर्च करताना त्यातले थोडे पैसे या कपाटासाठी काढा.

बाबासाहेबांनी मुक्या समाजाला पत्र दिले. ते पत्र रद्दीवाल्याच्या तराजूत घालायचे की उद्याच्या पोरांच्या हाती द्यायचे, हे आपल्याला ठरवायचे आहे. आज घरी गेल्यावर आधी खाटेखालची पेटी पाहा.

जयभीम!