माळरानावर नवे कुरण : जमिनीची मशागत व बियाण्याची पेरणी

सह्याद्रीच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यात कित्येक गावांची गायराने कुसळीने व्यापलेली दिसतात. हे गवत कोवळे असताना जनावरे खातात. परंतु पुढे त्याची अणकुचीदार कुसळे मेंढ्यांच्या तोंडात व कातडीत रुततात. अशा हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत अंजन गवत व स्टायलो हे द्विदल चारापीक मिळून उत्तम कुरण उभे करता येते. नव्या कुरणाचे यश मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : बी किती खोल पडले आणि पहिल्या वर्षी जनावरे बाहेर राहिली किंवा नाही.

जमिनीची तयारी

उन्हाळ्यात उताराला आडवी नांगरट करावी. घाणेरी व गाजरगवत मुळासकट काढून टाकावे. दर हेक्टरी सुमारे ५ टन चांगले कुजलेले शेणखत पसरून कुळवाच्या दोन पाळ्या द्याव्यात. तीव्र उताराची जमीन मात्र सरसकट नांगरू नये, कारण पहिल्याच पावसात माती वाहून जाते. तेथे समपातळीत उथळ काकऱ्या काढून त्यांतच बी टाकावे. शेवटी ढेकळे फोडून मैंद फिरवावा. चालताना टाच खोल रुतत असेल, तर जमीन अजून पोकळ आहे असे समजावे.

बियाणे

अंजनाचे ताजे बी नीट उगवत नाही. म्हणून मागील हंगामातील, कोरड्या जागी ठेवलेले बी वापरावे. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. स्टायलोच्या दाण्याचे कवच कठीण असते. ते बी सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावे व सावलीत सुकवावे. बी पाण्यात घालून उकळू नये.

पेरणी

पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा येताच पेरणी करावी. निव्वळ अंजनासाठी हेक्टरी सुमारे ५ किलो बी पुरते. अंजन व स्टायलो एकाआड एक ओळीत घेताना ते प्रमाण निम्मे करावे. अंजनाचे बी हलके व लवदार असल्यामुळे हाताला चिकटते. ते ओलसर मातीत मिसळून टाकल्यास सारखे पडते. दोन ओळींत ५० सेंटिमीटर अंतर ठेवावे.

बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. एवढ्याशा दाण्यात अन्नसाठा अल्प असतो. तो संपण्यापूर्वी कोंब वर आला नाही, तर मातीतच मरतो. ज्वारीप्रमाणे पाभरीने खोल पेरणे म्हणूनच घातक होय. काकरीत हाताने बी टाकून वरून झाडाची फांदी हलकेच ओढावी, एवढे पुरे.

पहिले वर्ष

पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी तण काढावे व नांगे भरावेत. या वर्षी कुरणात एकही जनावर सोडू नये. रोपांची मुळे उथळ असल्याने जनावर पाला खाताना रोप उपटून काढते. बी पिकून जमिनीवर पडल्यानंतर, बुडखा १० ते १५ सेंटिमीटर राखून गवत विळ्याने कापावे. दुसऱ्या वर्षापासून कुरणाचे चार भाग पाडून पाळीपाळीने चराई करावी व दरवर्षी एक भाग बी पडेपर्यंत राखावा.

खाजगी शेतात ही बंदी पाळणे सोपे. गायरानात ती साऱ्या गावाची जबाबदारी ठरते. ज्या भूमिहीन कुटुंबाच्या दोन शेळ्या गायरानावरच जगतात, त्यास या वर्षी चारा कोठून मिळणार, याचा निर्णय ग्रामसभेने पेरणीपूर्वीच करावा. कापलेल्या गवतात त्याचा वाटा प्रथम ठरवावा आणि एका वेळी गायरानाचा एक तुकडाच बंद करावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे चराईबंदी पाळल्यामुळे गावाच्या चाऱ्यात मोठी वाढ झाली, हे सर्वश्रुत आहे. पहिल्या पावसाळ्यात राखलेले कुरण पुढे कित्येक वर्षे गोठ्याला चारा पुरविते.