फॅन ‘डायरेक्ट’ करण्याआधी

चाळीसगावकडून कन्नडकडे येताना औट्रम घाटाचा चढ लागतो. मे महिन्याची दुपार असावी, पुढे वाहनांची रांग लागलेली असावी, की बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात. काही वर्षांपूर्वी त्यांत माझीही गाडी होती. सोबत म्हातारी आई होती, लहान मुलं होती आणि प्यायचं पाणी संपत आलं होतं.

त्याच्या आठवडाभर आधी शहरात सिग्नलला गाडी गरम होते म्हणून एका गॅरेजमध्ये दाखवली होती. दहा मिनिटांत इलाज झाला. “साहेब, फॅन डायरेक्ट करून टाकलाय. आता चिंताच नाही!” आपल्याकडे उन्हाळ्यात हा इलाज शेकडो गाड्यांवर होतो. तो कधी खरा आणि कधी खोटा, हे आज समजून घेऊ.

अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन सुरू की पंखा सुरू. १९८३ साली मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे रेडिएटरपुढचा पंखा पट्ट्यानं फिरवणं सोयीचं नव्हतं. त्याला विजेची मोटार दिली. आज बहुतेक मोटारींत हीच पद्धत आहे. हा पंखा गरजेपुरताच फिरतो. पाणी ठरावीक तापलं, साधारण ९२ ते ९८ अंशांपर्यंत, की एक स्विच त्याला चालू करतो आणि चार-पाच अंश उतरल्यावर बंद करतो.

याच्याही आधी एक दरवान बसलेला असतो, तो म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. त्यात मेण असतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर आलं की ते मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि मगच पाणी रेडिएटरकडे जातं. इंजिन कमीत कमी किती गरम राहावं, हे तो ठरवतो. जास्तीत जास्त किती गरम व्हावं, याची राखण पंखा करतो. म्हणून पंखा कितीही लवकर सुरू केला, तरी इंजिन झडपेच्या तापमानाखाली फारसं उतरत नाही. मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगानं समोरून येणारा वाराच पुरतो, तिथे पंख्याचं काम जवळपास नसतंच. त्याची खरी गरज जालना रोडच्या सिग्नलला किंवा घाटातल्या रांगेत.

मग पंखा लवकर लावण्यात काही अर्थ आहे का? आहे. बाहेर बेचाळीस अंश तापमान असताना, रांगेत शिरण्याआधीच रेडिएटर थोडा थंड असला तर हाताशी चार-पाच मिनिटं जास्त राहतात. पण ते नीट करावं लागतं.

पहिला मार्ग सोपा आहे. कमी तापमानाला लागणारा स्विच मूळ स्विचच्या जागी बसवायचा. अट एकच, त्याचं तापमान झडपेच्या तापमानापेक्षा जास्त हवं. नाही तर पंखा थांबणारच नाही.

दुसरा मार्ग डॅशबोर्डवर बटण देण्याचा. इथेच घोळ होतो. घरातल्या छताच्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. गाडीच्या बारा व्होल्टच्या पंख्याला दहा ते वीस अँपिअर लागतात. एवढा प्रवाह बारीक तारेतून आणि छोट्या बटणातून नेला तर तार तापते, तिचं प्लास्टिक वितळतं, क्वचित आगही लागते. म्हणून मध्ये रिले हवा. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आठवा. बोटानं दाबलेलं बटण फक्त चुंबकाला जागं करतं, मोठा प्रवाह स्टार्टरच्या जाड संपर्कांतून जातो. रिलेचं काम तेच. बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेवर, बॅटरीजवळच फ्यूज हवा. आणि नवं बटण मूळ स्विचला समांतर जोडायचं, त्याला काढून नव्हे. म्हणजे आपण बटण दाबायला विसरलो तरी जुना पहारेकरी जागाच राहतो. नव्या गाड्यांत पंखा संगणक चालवतो, तिथे तारा कापायच्या भानगडीत पडू नये.

माझ्या गाडीत ना रिले होता ना फ्यूज. ऐन घाटात जळका वास आला, पंखा थांबला आणि काटा लाल रेषेकडे गेला. पुढे रेडिएटर उघडला तेव्हा मूळ दुखणं कळलं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्यानं निम्म्या नळ्या क्षारांनी बुजल्या होत्या. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसाच. पंखा वारा घालत होता, पण पाणीच नीट फिरत नव्हतं. ‘डायरेक्ट’ पंख्यानं दुखणं बरं केलं नाही, आठवडाभर लपवलं तेवढं. गॅरेजला दोष देताना हेही मान्य करतो, की ते बोअरचं पाणी मीच ओतत होतो.

काही ठिकाणी पंखा डायरेक्ट करतानाच थर्मोस्टॅटही काढून टाकतात. मग थंडीत इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, आतली झीज वाढते. दरवान हाकलून घर सुरक्षित होत नाही.

म्हणून गाडी गरम होऊ लागली तर आधी क्रमानं पाहावं : कूलंट पुरेसं आहे का, रेडिएटरचं झाकण दाब धरतं का, जाळीत धूळ-किडे अडकलेत का, पाइप गळतो का, पंख्याचा स्विच मेला आहे का. झाकणाचं महत्त्व मोठं आहे. त्या दाबामुळेच पाणी शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. त्यामुळेच गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर येतं.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. तरीही चढतच राहिला तर सुरक्षित जागा पाहून गाडी बंद करा. ‘कन्नडपर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्याला हेड गॅसकेटचा खर्च करावा लागतो. बॉनेट उघडल्यावर पंख्याजवळ हात नेऊ नका. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो अचानक फिरतो.

आणि उन्हाळ्यात घाट चढायचा असेल, तर निघण्याच्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, दहा मिनिटं बॉनेटखाली डोकावा. आम्हाला त्या दुपारी उन्हात दोन तास बसावं लागलं, ते या दहा मिनिटांत टळलं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)