ईदच्या चेहऱ्यावर सावलीची रेघ

रमजानचा शेवटचा अशरा लागला की सिटी चौक, शहागंज, बुढीलेनमधली गर्दी तरावीहनंतर आणखी वाढते. बांगड्या, मेंदीचे कोन, शेवया आणि खारकांच्या खरेदीत अलीकडे एका तपकिरी कांडीची भर पडली आहे. कंटूर स्टिक. पार्लरमधल्या ताईंनी बहिणीच्या लग्नात गालाखाली ओढलेली ती रेघ ईदला घरीच जमवायची, असे अनेक मुलींनी ठरवलेले असते. आरशासमोर मात्र गालावर काजळी लागल्यासारखे दिसते आणि धाकटा भाऊ हसतो.

युक्ती तशी साधी आहे. उजेड पडतो तो भाग पुढे आल्यासारखा वाटतो, सावली पडते तो मागे गेल्यासारखा. २०१२ च्या सुमारास किम कार्दशियनच्या अर्धवट मेकअपच्या फोटोने ही रेघ घरोघरच्या मोबाइलवर पोहोचवली. पण आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरवर अजिंठ्यात, पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीच्या चेहऱ्याला गोलाई आणणारी युक्ती वेगळी नाही. कडा गडद केलेल्या, नाकावर आणि हनुवटीवर उजेडाचे हलके हात. चित्रसूत्रात या छायेच्या कामाला ‘वर्तना’ म्हटले आहे. निजाम राजवटीतील पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार खंड काढले. त्यातली चित्रे पाहिली तरी हे कळते. आणि त्या भिंतींवर सावळे चेहरे गोऱ्यांइतक्याच मायेने रंगवले आहेत, हेही दिसते.

घरी बिघडते ते बहुधा उजेडामुळे. नवरीचा मेकअप कॅमेऱ्याच्या झगझगीत दिव्यांसाठी असतो. त्या दिव्यांत चेहरा सपाट दिसतो, म्हणून रेघ ठळक लागते. ईदच्या सकाळी पाहुणे येतात ते दिवसाच्या उजेडात; तिथे तीच रेघ डाग दिसते. म्हणून ट्यूबलाइटखाली नव्हे, खिडकीसमोर बसून एकदा करून पाहावे. रंग आपल्या त्वचेपेक्षा एक-दोन छटाच गडद, करड्याकडे झुकणारा आणि बिनचमकीचा हवा. नारिंगी झाक असलेला ब्रॉन्झर सावलीचे काम करत नाही, कारण सावली नारिंगी नसते. सावळ्या मुलीने गोऱ्या मैत्रिणीची कांडी उसनी घेतली तर ती दिसतच नाही, वर राखेसारखी झाक येते.

रेघ कानाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने, पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली थांबवायची. पुढे नेली की गाल बसलेले दिसतात. मग ओल्या स्पंजने थोपटत वर पसरवायची. खाली ओढली की सारा चेहराच उतरलेला वाटतो. क्रीम आधी, पावडर नंतर; उलट केले तर पापुद्रे धरतात. चेहरा मुळात लांबट असेल तर गालाची रेघ सोडून कपाळाच्या वरच्या कडेला आणि हनुवटीखाली थोडा रंग पुरतो. महिनाभराचे रोजे आणि सहेरीची अपुरी झोप यांनी डोळे आधीच खोल गेलेले असतात, म्हणून पहिल्या आठवड्यात शिकलेले प्रमाण ईदला निम्मे करावे. वजू आधी करून मग मेकअपला बसलेले बरे. पाणी त्वचेपर्यंत पोहोचू न देणारा वॉटरप्रूफ थर असेल तर पुढच्या वजूला तो काढावाच लागतो.

नाक बारीक, जबडा रेखीव, हे सगळे ठीक. पण याच गर्दीत, याच ठेल्यांवर गोरे करणाऱ्या बिनलेबलच्या डब्याही विकल्या जातात आणि ईदच्या आधी त्या जास्त खपतात. कंटूरिंग रात्री धुऊन जाते, हे जात नाही. अशा काही क्रीममध्ये पारा असतो आणि तो किडनीवर घाव घालतो. अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींना अशा क्रीमनंतर किडनीचा आजार झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती कितीही स्वस्त असो, घेऊ नये. मुलीचा रंग ‘उजळावा’ म्हणून ती डबी आणणारी बहुतेक वेळा घरातलीच मोठी बाई असते, हे जास्त बोचते.

या ब्रशाची कमाई बायकांच्या हाती सहज आलेली नाही. मुंबईच्या चित्रपट व्यवसायात संघटनेच्या नियमामुळे बायकांना केशरचनेचे काम मिळे, मेकअप आर्टिस्टचे कार्ड नाही. चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी तो नियम रद्द ठरवला. चाँदरातेला घरच्या खोलीत दोन खुर्च्या मांडून शेजारणींचे चेहरे सजवणाऱ्या बाईपर्यंत तो निकाल कदाचित पोहोचलाही नसेल. तिच्याकडून शिकायचे असेल तर चाँदरात सोडून जावे. त्या रात्री तिला पाणी प्यायलाही फुरसत नसते.