घिवलीची हवा व तिचे मोजमाप

पालघर तालुक्यात समुद्रकाठी घिवली हे गाव आहे. त्याच्या पूर्वेस, बोईसरलगत, तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची जी गुणवारी केली, तीत तारापूरचा आकडा ९३.६९ म्हणजे सर्वांत वरचा ठरला. आकडा मोठा आहे खरा; परंतु त्यात हवा, पाणी व जमीन यांचे दूषण एकत्र मिळविलेले आहे. घिवलीच्या मुलास येणारा खोकला या हवेमुळे आहे की नाही, हे त्यावरून समजत नाही. आणि ते समजल्यावाचून गावाच्या तक्रारीस वजन येत नाही.

अशा गोष्टी कळतात त्या तुलनेने. १९५२ च्या डिसेंबरात लंडन शहर पाच दिवस धुरकट धुक्याने कोंडले होते. त्या दिवसांतील मृत्यूंची नेहमीच्या मृत्यूंशी तुलना केली, तेव्हा सुमारे चार हजार माणसे अधिक मेली असे प्रथम दिसून आले. हे सर्व केवळ मृत्यूच्या नोंदवहीवरून उमगले! आमच्या ग्रामपंचायतींच्या वहीत मरणाचे कारण ज्या सैलपणे लिहिले जाते, ते पाहता तिच्यावरच विसंबणे मात्र कठीण.

मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी याहून नेटके काम केले. गंधकाच्या धुराचे प्रमाण कमीअधिक असलेल्या शहरातील तीन वस्त्या व तुलनेसाठी एक ग्रामीण भाग घेऊन त्यांनी चार हजारांवर माणसे तपासली आणि त्यांपैकी पुष्कळांचा तीन वर्षे मागोवा घेतला. अधूनमधून येणारा खोकला सर्वांत दूषित वस्तीत शेकडा १५.६ जणांस, तर स्वच्छ वस्तीत अवघ्या ०.४ जणांस आढळला. परंतु श्वासनलिकांचा जुनाट दाह दूषित वस्तीत शेकडा ४.५ असता खेड्यात तो ५ निघाला! याचे कारण आम्हांस चुलीत दिसते. दारे लावून ओल्या लाकडांवर भाकरी भाजणारी गृहिणी कारखान्याचे तोंडही न पाहता धूर गिळते. आपण भातरोपांसाठी राब भाजतो, तोही धूरच. शेतकऱ्यांस हे ऐकणे रुचणार नाही; पण चूल व राब हिशेबात धरले नाहीत, तर कारखानदारांचा वकील ते आपल्यापुढे मांडल्यावाचून राहणार नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा वसाहतीचा धूर पूर्वेकडे, डोंगराच्या बाजूस नेतो. रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तेव्हा तोच धूर किनाऱ्याकडे वळतो; आणि थंडीच्या दिवसांत रात्रीची हवा जमिनीलगत थिजत असल्याने तो वर चढत नाही. वसाहतीतील यंत्राने काढलेली चोवीस तासांची सरासरी घिवलीच्या पहाटेविषयी फारसे काही सांगू शकत नाही. सूक्ष्म धुळीचे कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे असून ते फुप्फुसाच्या तळाशी जातात. त्यांची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सांगितली.

म्हणून गावातच तासातासाची नोंद ठेवणारे यंत्र हवे. सोबत घरोघर विचारणा हवी: घरात चूल आहे की गॅस, विडी कोण ओढतो, कारखान्यात कामास कोण जातो. तीच विचारणा वसाहतीपासून दूरच्या, पण धंद्याने व राहणीने सारख्या अशा किनाऱ्यावरील दुसऱ्या गावीही व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीतील खोकल्याचे व दम्याचे रुग्ण तारखेनिशी उतरून घेतले, म्हणजे त्या तारखांचा वारा त्यांस जोडून पाहता येईल.

हा खटाटोप व्यर्थ जातो असे नाही. शेजारच्या डहाणूत चिकूच्या बागाईतदारांनी व इतर नागरिकांनी औष्णिक वीजकेंद्राविरुद्ध वर्षानुवर्षे चिकाटी धरली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले आणि धुरातील गंधक काढणारी यंत्रणा अखेर २००७ साली त्या केंद्रास बसली.

मतलई वाऱ्याचा जोर पावसाळा सरल्यावर, थंडीबरोबर वाढत जातो. तेव्हा घिवलीस यंत्र बसवावयाचे, तर ते दिवाळीपूर्वी बसले पाहिजे. नाहीतर ज्या रात्री मोजावयाच्या त्याच निघून जातील.